केळीच्या गावातले वाल

माझे सासरे स्वभावाने वाईट नव्हते, फक्त केळीवर त्यांचं जरा जास्तच प्रेम होतं. लग्न होऊन मी निंबोल्यात आले तेव्हा देवाला नमस्कार झाल्यावर त्यांनी मला पहिली काय दाखवली असेल तर बाग. नवा शालू गुडघ्यापर्यंत चिखलाने भरला. ते पुढे चालत एकेका केळीच्या खांबावर हात ठेवून सांगत होते, ही शहाणी आहे, ही जरा रुसकी आहे, हिचा घड मागच्या साली दोन गड्यांना उचलावा लागला. मी बऱ्हाणपुरातल्या एका मास्तरांची मुलगी. आमच्याकडे केळं फक्त सत्यनारायणाला येई, आणि तेही प्रसादात कुस्करलेलं. इथे मला वाटलं, सासऱ्यांना आणखी पाचपन्नास सुना आधीच आहेत आणि मी सर्वांत धाकटी.

मी त्यांना मामंजी म्हणे आणि सासूबाईंना आत्याबाई. आत्याबाई ठेंगण्या, चटपटीत, आणि जिभेला तिखट. मामंजी बोलायला लागले की त्या चुलीतलं लाकूड पुढे सारत, म्हणजे धूर होई आणि मामंजी खोकत बाहेर जात. त्यांच्या भांडणाची ही पद्धत मला फार आवडली. माझ्या माहेरी भांडण झालं की वडील तीन दिवस अबोला धरत, त्यापेक्षा धूर बरा.

आत्याबाईंच्या आतल्या खोलीत गाडग्यांची उतरंड होती. बी राखेत कालवून गाडग्यात भरायचं, वर कडुनिंबाचा पाला, आणि तोंड शेणाने लिंपून टाकायचं. चवळी, दोडका, तूर, भोपळा, सगळी बियाणी अशी एकावर एक बसलेली. सगळ्यांत वरच्या गाडग्याला मात्र माझ्याशिवाय आणि त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि मीसुद्धा लावायचा नाही, फक्त कुठे आहे ते माहीत ठेवायचं. त्यात वाल होते. आत्याबाईंचं माहेर फोपनारचं. लग्नात त्यांच्या आईने ओटीच्या तांदळाबरोबर मूठभर वाल पदरात टाकले होते. आई पुढे वारली. भावांनी शेतात कपाशी आणि केळी केली, त्यांच्या परसातसुद्धा तो वाल राहिला नाही. आता तो जगात फक्त या गाडग्यात होता, असं आत्याबाईंचं म्हणणं.

"याच्या कडेले पांढरी रेघ असते," त्या मला दाणा दाखवून म्हणाल्या. "असा वाल दुसरीकडं कोठंच नाही."

पांढरी रेघ जगातल्या सगळ्याच वालांना असते, हे मला पुढे कळलं. मी ते त्यांना कधी सांगितलं नाही. काही गोष्टी सुनांनी सांगू नयेत.

तर पूर्वी आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यात ज्वारी, तूर, वाल, वांगी असं सगळं होई. घरचं खाणं तिथूनच निघे. मग केळीला भाव आला. मामंजींनी आधी वरचं शेत केळीखाली आणलं, मग खालचं, आणि मी आले त्या आधीच्या पावसाळ्यात विहिरीजवळचा तुकडाही. त्यांचं तत्त्वज्ञान सोपं होतं. केळी विकायची, आणि काय हवं ते बाजारातून आणायचं. गावात हे तत्त्वज्ञान सगळ्यांनाच पटलेलं होतं. एकाने लावली म्हणून दुसऱ्याने लावली, दुसऱ्याने लावली म्हणून तिसऱ्याला राहवलं नाही. घडांनी भरलेल्या गाड्या बऱ्हाणपूरला लालबागच्या स्टेशनावर जात, तिथून वॅगनी भरून केळी दूर उत्तरेकडे. येताना गाडीत ज्वारीची पोती येत. ज्या काळ्या जमिनीत ज्वारी डोक्याच्या वर जाते त्या जमिनीचे मालक ज्वारी विकत आणत आणि त्याबद्दल एकमेकांना शाबासकी देत.

आत्याबाईंनी वाल मागच्या कुंपणाला लावून पाहिले. ते आमच्याच म्हशीने खाल्ले. म्हैस तेवढी घरात शहाणी निघाली.

म्हणजे वालाचं नवं बी दोन पावसाळे आलं नव्हतं. हिवाळ्यात एक दिवस आत्याबाईंनी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. फडकं सोडलं तेव्हा थोड्या दाण्यांना कोंब आले होते. बाकीचे फुगून तसेच पडले होते, मऊ आणि आंबूस वासाचे. आत्याबाई ते फडकं मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मला वाटलं आता काहीतरी तिखट बोलतील. त्या म्हणाल्या, "यंदा पेरलं तं पेरलं. पुढच्या सालाले हे बी मरंल. मंग माझी माय खरीच मेली."

त्याच दिवशी जेवताना त्यांनी मामंजींना विहिरीजवळचा एक वाफा मागितला. वाफा म्हणजे काय, एखाद्या खाटेपेक्षा थोडा मोठा.

"अवं, केळीले शेजार सोसत नाही," मामंजी म्हणाले. "वेल चढला का तिचा जीव घुसमटते. तुले वाल पाहिजेत ना? मी बाजारातून पोतंभर आणून देतो!"

हे ते प्रेमाने म्हणाले, हीच त्यातली पंचाईत होती. आत्याबाईंनी लाकूड पुढे सारलं नाही, धूर केला नाही. त्यांनी फक्त ताटात आणखी एक भाकरी वाढली. मामंजींना वाटलं प्रश्न मिटला.

मग संक्रांत आली. लढाईचे दिवस होते, दुसऱ्या महायुद्धाचे. फण्या, आरसे, कुंकवाचे करंडे, जे काही बायका वाण म्हणून एकमेकींना देतात ते सगळं महागलं होतं. पूर्वी अशा वेळी शेतातलंच काहीतरी वाणात जाई, हरभऱ्याचे घाटे, बोरं, गव्हाच्या ओंब्या, उसाची कांडकी. आता शेतात काय होतं? आमच्या घरातून मी टोपलीभर केळी घेऊन निघाले. पहिल्या घरी केळं दिलं, तिने मला हळद-कुंकू लावून केळं दिलं. दुसऱ्या घरी केळं दिलं, केळं घेतलं. गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत माझ्या टोपलीत जितकी केळी होती तितकीच पुन्हा होती. त्यातल्या एका केळ्याच्या सालीवर कोयत्याचा ओरखडा होता. ते मी ओळखलं. ते मीच सकाळी दिलेलं होतं, दोन-तीन उंबरे फिरून ते माझ्याआधी गल्लीच्या टोकाला पोहोचलं होतं.

मी घरी येऊन हसत हसत आत्याबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी टोपलीत पाहिलं आणि म्हणाल्या, "गावभर फिरली, आन् गावात खायाले दुसरं काहीच नाही?"

आमचं हळदी-कुंकू रथसप्तमीच्या आदल्या दिवशी होतं. आत्याबाईंनी उतरंड उतरवली. मला वाटलं त्या आवराआवर करताहेत. पण बायका आल्या तेव्हा तिळगुळाच्या ताटाशेजारी दुसरं ताट होतं, आणि त्यात राख झटकलेलं बी. प्रत्येकीच्या पदरात चिमूट चिमूट चवळी, दोडका, तूर, भोपळा, आणि मग वरच्या गाडग्यातले वाल. मी पाहतच राहिले. त्या गाडग्याला मी हात लावायचा नव्हता, आणि आता त्या ते गल्लीभर वाटत होत्या.

"काकी, हे खायाचं का पेरायचं?" एकीने विचारलं. बाकीच्या खुदखुदल्या.

"पेरायचं. घरावर, कुंपणाले, उकिरड्यावर, कोठंबी. घरधन्याले विचारू नका. आन् पुढच्या संक्रांतीले मले शेंग दाखवजा."

"आन् तुमाले नाही ठेवलं?"

आत्याबाईंनी गाडगं उपडं करून दाखवलं. तळातली राख खाली पडली.

बायका गेल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, निदान चार दाणे तरी ठेवायचे."

"ज्या घरात जागा नाही त्या घरात बी कायले मरत ठेवू?" त्या म्हणाल्या, आणि रिकामं गाडगं धुवायला घेऊन गेल्या. गाडगं धुताना त्या रडत होत्या. मला ते पाठीवरून कळलं, म्हणून मी पुढे गेले नाही.

मामंजींना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. बायकोने हट्ट सोडला, असा त्यांनी अर्थ लावला. मधल्या काळात एक सरकारी साहेबही येऊन गेले. लढाईमुळे धान्य कमी आहे, सर्वांनी धान्य पिकवावं, असं त्यांनी आमच्याच बागेच्या सावलीत उभं राहून सांगितलं. मामंजींनी मान डोलावली आणि निघताना साहेबांच्या गाडीत केळ्यांची मोठी फणी ठेवली. साहेबांनी ती घेतली. धान्याचा विषय तिथेच संपला.

पावसाळ्यात गल्ली हळूहळू बिघडायला लागली. हा शब्द मामंजींचा. एका घराच्या कौलांवर दोडका चढला. दुसरीने उकिरड्यावर भोपळा लावला. तो तिथून निघून शेजारणीच्या ओसरीत गेला, आणि भोपळा कुणाचा यावर दोघी आठवडाभर भांडल्या. मग दोघींनी तो अर्धा अर्धा चिरून खाल्ला. एकीने तर नवऱ्याच्या नवीन केळीच्या मधल्या रिकाम्या जागेत, केळी गुडघ्याएवढी असताना, चवळी टाकून दिली. नवऱ्याला वाटलं तण उगवलं. निंदायला म्हणून तीच रोज जाई आणि पदरात शेंगा घेऊन येई. मामंजींच्या एका जिवलग मित्राच्या कोपऱ्यातल्या केळीवर वालाचा वेल चढला. पारावर मामंजींनी त्यांना सोडलं नाही.

"काय भौ, तुमच्या केळीले शेंगा लागू राह्यल्या म्हणे? स्टेशनावर मास्तरले दाखवा एखादा घड!"

मित्र बिचारा ओशाळला, पण वेल काढला नाही. घरी बायको होती.

दिवाळी झाली आणि वॅगनी मिळेनाशा झाल्या. लढाईच्या सामानाला गाड्या लागत, केळ्यांना कोण विचारतो? भरलेल्या बैलगाड्या लालबागला जाऊन दोन दोन दिवस उभ्या राहत आणि तशाच परत येत. घड झाडावर पिकले, पिकून तडकले, आणि बागेवर घोंघावणाऱ्या माश्यांचा आवाज ओसरीपर्यंत येऊ लागला. त्याच सुमाराला बाजारात ज्वारी दिसेना. कंट्रोलच्या दुकानात रांग लावली की मिळे, पण थोडी, आणि तिच्यात खडे इतके की आत्याबाई म्हणत, अर्धा असीरगडचा किल्ला दळून आणला.

आम्ही केळी खाल्ली. कच्च्या केळ्याची भाजी, केळफुलाची भाजी, खांबाच्या गाभ्याची कोशिंबीर, पिकल्या केळ्याचं शिकरण, आणि एकदा आत्याबाईंनी ज्वारीचं पीठ पुरवण्यासाठी वाळवलेल्या केळ्याचं पीठ मिसळून भाकरी थापली. ती थापतानाच फाटली. मामंजींनी ती मुकाट्याने खाल्ली आणि पाणी बरंच प्यायले. माझे यजमान बऱ्हाणपुरात जिनिंगच्या कचेरीत नोकरीला, रविवारी येत. त्यांनी एकदा ताट पाहून विचारलं, "आज कोणता सण आहे? सगळं केळ्याचंच?"

भुकेने कुणी मेलं नाही, हे सांगायला हवं. पण संध्याकाळी घरोघरची मुलं जेवून उठली की पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहत, काही न मागता. मला ती मुलं अजून दिसतात आणि अजून राग येतो, कुणाचा ते सांगता येत नाही.

भोगीचा दिवस आला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी हिवाळ्यातल्या सगळ्या भाज्या एकत्र शिजवायच्या आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खायच्या. न खाई भोगी तो सदा रोगी, असं मामंजींच्या आई म्हणत, आणि मामंजी दुसरं काही मानोत न मानोत, आईची म्हण मानत. ते आंघोळ करून पाटावर बसले. आत्याबाईंनी ताट वाढलं. कच्ची केळी, केळफूल, गाभा. वरून तीळ पेरले होते.

मामंजींनी ताटाकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे, मग पुन्हा ताटाकडे.

तेवढ्यात दारात शेजारीण उभी राहिली, वाटी घेऊन. तिच्या मागोमाग दुसरी. मग तिसरी. भोगीची भाजी, प्रत्येकीच्या घरची. दोडका होता, चवळी होती, तुरीचे हिरवे दाणे, आणि प्रत्येक वाटीत वाल. "काकी, शेंग दाखवजा म्हणल्या होत्या ना," पहिली म्हणाली आणि वाटी पुढे केली.

मामंजींच्या ताटाभोवती वाट्याच वाट्या झाल्या. ते जेवले. चांगले जेवले. बोटं चाटून विचारलं, "हे वाल कोठचे व्हय?"

आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांच्या हातात एक वाटी होती आणि त्यातली भाजी तशीच होती.

"माझ्या मायचे," त्या म्हणाल्या. "आज मी ते दुसऱ्याच्या वाटीतून खाऊ राह्यली."

त्यांनी आवाज चढवला नाही. मामंजींचा हात ताटातच राहिला. त्यांनी आणखी काही मागितलं नाही, आणि हात धुवायला ते नेहमीपेक्षा खूप वेळ बाहेर होते.

दुसऱ्या दिवसापासून मामंजी सकाळी कुदळ घेऊन जाऊ लागले. मी पाण्याला गेले तेव्हा पाहिलं. विहिरीजवळचे घड तर उतरले होतेच, ज्यांना कुणी घेणारं नव्हतं. नेहमी खांब तोडला की बाजूची पिलं राखतात, म्हणजे त्यांची पुढची बाग होते. मामंजींनी पिलं राखली नाहीत. ते कंद उकरून काढत होते, मुळासकट. एखाद्या कंदापाशी थांबत, त्याची माती झटकत, आणि मग बाजूला ठेवत. रुसक्या आणि शहाण्या सगळ्या बाहेर आल्या. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू.

तुकडा मोकळा झाला. मामंजी घरी आले, ओसरीवर बसले आणि घसा खाकरून म्हणाले, "बी काढून ठेव. पाऊस लागला का वाल पेरू."

"बी नाही."

"एक दाणा बी नाही?"

"गाडगं रिकामं हाय. पाहून घ्या." आत्याबाई ज्वारीतले खडे निवडत होत्या, वर पाहिलं नाही. "पाहिजे असीन तं ज्यांच्याकडं हाय त्यांच्याकडून वाण मागून आणा. रथसप्तमी झाली नाही अजून."

मला वाटलं आता घरात आकाश कोसळणार. वाण बायकांनी बायकांना द्यायचं असतं. गावातला नावाजलेला बागाईतदार दारोदार वाण मागत फिरेल, ही कल्पनाच मला उभ्या उभ्या घाम फोडायला पुरेशी होती. मामंजी उठले. आत गेले. धुतलेलं उपरणं खांद्यावर टाकून बाहेर आले आणि पायऱ्या उतरले.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. बाकीचं विहिरीवर बायकांनी नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांनी एकही शब्द कमी केला नसणार. पहिल्या घरी मामंजी उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "वालाचं बी पाहिजे होतं जरासं." ती बाई म्हणाली, "असं हातावर नाही देत, काका. वाण हाय. पदरात घ्यावं लागते." मामंजींना पदर कुठून असणार? त्यांनी उपरणं पसरलं. ती म्हणाली, "आन् हळदी-कुंकवाशिवाय वाण देत नसतात." दारामागे चार पोरी तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. मामंजींनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि डोकं खाली वाकवलं.

मग काय, पुढच्या प्रत्येक घराला खबर त्यांच्याआधी पोहोचली. जिने तिने हातात कुंकवाचा करंडा घेऊन वाट पाहावी. ज्या मित्राची त्यांनी पारावर थट्टा केली होती त्याच्या बायकोने तर तबकात निरांजन लावून ओवाळलं. "केळीवरच्या शेंगांचं बी हाय, काका, चाललं ना?" मामंजी म्हणाले, "चालते."

ते परत आले तेव्हा त्यांचं कपाळ भुवयांपासून केसांपर्यंत लाल-पिवळं झालं होतं, आणि नाकावरही कुंकू सांडलं होतं. उपरण्याची मोट दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मी पटकन आत सरले. मला हसू आवरेना. आत्याबाई बाहेर आल्या, त्यांनी मामंजींच्या कपाळाकडे पाहिलं, आणि त्याही हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मामंजी तसेच उभे होते.

मग मोट खाली ठेवून त्यांनी सोडली. आत्याबाई बसल्या. त्यांनी एक दाणा उचलला, उजेडात धरला, कडेची पांढरी रेघ पाहिली. दुसरा उचलला. हसणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही, कारण आता त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि दाणे पाहत होत्या, आणि त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "माय, किती झाली तू."

गाडगं माझ्याकडून मागवून घेतलं. राख मीच कालवली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला हात लावू दिला. अर्धे वाल गाडग्यात गेले, आणि अर्धे त्यांनी बाजूला काढले. "हे उद्या परत वाटायचे," त्या मला म्हणाल्या. "सगळं एका घरात ठेवू नये. घरात कोण असते त्याचा काय भरवसा?"

हे मामंजींना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं होतं. मामंजींना ऐकू गेलं. आत्याबाईंनी मोरीपाशी तांब्याभर पाणी ठेवलं आणि म्हणाल्या, "तोंड धुऊन घ्या, लोकं हासतील."

मामंजींनी हातपाय धुतले. मग तसंच रंगलेलं कपाळ घेऊन ते पारावर जाऊन बसले, आणि दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत.